जागती वही

मोजणे आणि मोजलेले टिपून ठेवणे ही माणसाची फार प्राचीन सवय आहे. अक्षरांची ओळख नसलेली माणसेदेखील आपापल्या परीने हिशेब ठेवीतच असत. कोणी दोरीला गाठी मारी, कोणी काठीवर खाचा पाडी. जुन्या घरांतून दुधाचा रतीब घालणारी गवळण स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोळशाची एक रेघ ओढून जाई, आणि महिन्याच्या अखेरीस त्या रेघा मोजून तिचे पैसे चुकते होत. ती भिंत हीच त्या घराची वही.

पुढे व्यापार वाढला, देवघेव वाढली, आणि भिंत अपुरी पडू लागली. मग लाल कापडाच्या बांधणीच्या लांबोळ्या वह्या आल्या. पेढीवर दिवाणजी उतरत्या मेजापुढे मांडी घालून बसत. दिवसभराचा जमाखर्च ते रोजकीर्दीत टिपीत, आणि मग ज्याची रक्कम त्याच्या नावाच्या खात्यावर खतावणीत उतरवून ठेवीत. महाराष्ट्रातील असा पुष्कळसा हिशेब मोडी लिपीत लिहिला जात असे. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नव्या वहीला हळदकुंकू वाहण्याची चाल अद्यापही अनेक दुकानांतून पाळली जाते. वहीवर माणसाचा किती भरवसा होता हे त्यावरून कळून येते.

परंतु या वहीत एक उणीव होती. तिच्यात लिहिलेला अंक जेथे लिहिला तेथेच निजून राही. समजा, महिन्याच्या तिसऱ्या तारखेला ३५ च्या जागी ५३ लिहिले गेले. ही चूक ध्यानात येईपर्यंत त्या दिवसाची शिल्लक चुकली, म्हणून चौथ्या दिवसाची चुकली, म्हणून पाचव्या दिवसाची चुकली. अशी ती महिनाअखेरपर्यंत घरंगळत जाई. मग दिवाणजींनी चष्मा पुसावा आणि तिसऱ्या तारखेपासून एकेक शिल्लक खोडून नवी लिहीत बसावे. एका अंकापायी तीस अंक बदलावे लागत, आणि बदलताना एखादी नवी चूक शिरणार नाही याची शाश्वती नसे.

ही अडचण काही एका देशाची नव्हती. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या व्यापारविद्येच्या शाळेत १९७८ साली डॅन ब्रिकलिन नावाचा एक तरुण विद्यार्थी शिकत होता. वर्गात प्राध्यापक फळ्यावर मोठे कोष्टक मांडीत. एखाद्या कारखान्याचा खर्च, विक्री आणि नफा यांचे अंक एकाखाली एक, एकाशेजारी एक लिहिलेले असत. त्यांतला एखादा अंक बदलला, की त्यावर अवलंबून असलेले पुढचे सारे अंक पुसून पुन्हा लिहावे लागत. फळा पुसला जाई, खडूची धूळ उडे, आणि विद्यार्थी आपापल्या वहीत खाडाखोड करीत. ब्रिकलिनच्या मनात आले, की एक अंक बदलताच बाकीचे सारे आपोआप बदलतील असा एखादा जादूचा फळा असता तर किती बरे झाले असते!

असे विचार पुष्कळांच्या मनात येतात आणि तास संपताच विरून जातात. ब्रिकलिनने मात्र तो विचार सोडला नाही. बॉब फ्रँकस्टन हा त्याचा मित्र संगणकाला आज्ञा लिहून देण्यात निष्णात होता. दोघांनी मिळून तो फळा संगणकाच्या पडद्यावर उतरविला. १९७९ साली ही संगणकप्रणाली ‘व्हिसीकॅल्क’ या नावाने लोकांच्या हाती आली. तिच्यात ६३ उभे रकाने आणि २५४ आडव्या ओळी होत्या. तोपर्यंत छोट्या संगणकाकडे पुष्कळ लोक हौशी मंडळींचे खेळणे म्हणून पाहत असत. आता हिशेबनीस आणि दुकानदार केवळ या एका प्रणालीसाठी संगणक विकत घेऊ लागले. अशा कोष्टकाला इंग्रजीत ‘स्प्रेडशीट’ म्हणतात. पूर्वी हिशेबाच्या मोठ्या वहीची समोरासमोरची दोन पाने मिळून जो रुंद, पसरलेला कागद होई, त्याचे हे नाव होते. कागद गेला तरी नाव मागे राहिले.

ही वही कशी असते ते नीट पाहण्यासारखे आहे. पडद्यावर प्रथम दिसते ती केवळ कोऱ्या चौकटींची जाळी. उभ्या रकान्यांना रोमन लिपीतील अक्षरांची नावे असतात: ए, बी, सी, डी. आडव्या ओळींना १, २, ३ असे क्रमांक असतात. नाट्यगृहात ओळीचे अक्षर आणि खुर्चीचा क्रमांक एवढे ठाऊक असले म्हणजे अंधारातही आपली जागा सापडते. तसाच येथे प्रत्येक चौकटीला आपला पत्ता असतो. सी रकान्यातील सातव्या ओळीची चौकट म्हणजे ‘सी ७’. आजच्या ‘कॅल्क’ या प्रणालीत एका पानावर १०,४८,५७६ ओळी असतात. दर सेकंदाला एक ओळ या वेगाने खाली जात राहिले, तर रात्रंदिवस न थांबता शेवटच्या ओळीपर्यंत पोचावयास बारा दिवसांहून अधिक काळ लागेल. सुदैवाने घरच्या हिशेबाला त्यांतल्या तीस-चाळीस ओळी पुरतात.

प्रत्येक चौकटीत तीन प्रकारच्या गोष्टी लिहिता येतात. पहिली म्हणजे शब्द, दुसरी म्हणजे अंक, आणि तिसरी म्हणजे सूत्र. या वहीचा जीव आहे तो सूत्रात. चौकटीत आधी बरोबरचे चिन्ह लिहावयाचे आणि मग काय करावयाचे ते सांगावयाचे. ‘बी २ मध्ये जे असेल त्याला सी २ मध्ये जे असेल त्याने गुण’, एवढे सांगितले की काम झाले. येथे एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. सूत्रात अंक लिहीत नाहीत, अंकाचा पत्ता लिहितात. पत्ता कायम राहतो. त्या घरात आज एक अंक राहील, उद्या दुसरा येईल. जो येईल त्याला घेऊन सूत्र आपले उत्तर नव्याने मांडते. म्हणूनच या वहीला जागती वही म्हणावयाचे.

दुधाचेच उदाहरण घेऊ. एका घरी रोज दीड लिटर दूध येते. महिन्याच्या तीस दिवसांचे तीस अंक एकाखाली एक लिहिले. त्यांची बेरीज ४५ लिटर आली. दुधाचा भाव एका वेगळ्या चौकटीत लिहून ठेवला: लिटरला ५६ रुपये. सूत्राने दोहोंचा गुणाकार करून २,५२० रुपये दाखविले. पुढे भाव ६० रुपये झाला. आता सारा हिशेब पुन्हा मांडण्याचे कारण नाही. भावाच्या चौकटीत ५६ च्या जागी ६० लिहिताच खालचा आकडा क्षणार्धात २,७०० होतो. एखाद्या दिवशी घरची माणसे परगावी गेली आणि दूध घेतले नाही, तर त्या तारखेपुढे शून्य लिहावे. उरलेले काम वही करते. आणि सूत्र एका ओळीत नीट लिहिले, की चौकटीच्या कोपऱ्याला धरून ते खाली ओढावे. त्याबरोबर खालच्या प्रत्येक ओळीत ते त्या त्या ओळीचे पत्ते घेऊन उतरते. दिवाणजींनी हे पाहिले असते तर त्यांनी टाक खाली ठेवून हात जोडले असते!

आता प्रश्न असा, की असली वही मिळवावयाची कोठून? बाजारात विकत मिळणाऱ्या प्रणाली आहेतच. पण त्यांचे मोल प्रत्येक घराला परवडतेच असे नाही. येथे मोठ्या औदार्याची एक कथा सांगावी लागते. जर्मनीत मार्को ब्योरिस नावाच्या एका शाळकरी वयाच्या मुलाने १९८५ साली एक छोटी संस्था काढली आणि तिच्यातून लेखनाची व हिशेबाची एक संगणकप्रणाली उभी राहिली. १९९९ साली सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने ती संस्था विकत घेतली, आणि २००० साली त्या प्रणालीची मूळ आज्ञावली सर्वांसाठी खुली केली. सन २०१० मध्ये कंपनीची मालकी बदलली. आपल्या कामाचे पुढे काय होणार, अशी शंका त्या प्रणालीवर झटणाऱ्या अनेकांना वाटू लागली. तेव्हा त्यांतील पुष्कळ जण एकत्र आले आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरमध्ये त्यांनी तिचा स्वतंत्र संसार थाटला. तिचे नाव ‘लिब्रे ऑफिस’, आणि तिच्यातील हिशेबाची वही म्हणजे ‘कॅल्क’. ‘लिब्रे’ याचा अर्थ स्वतंत्र.

या प्रणालीला कोणी फुकट म्हणतात. ते खोटे नाही. ती घेताना एक पैसाही मोजावा लागत नाही. परंतु फुकट आणि मुक्त या दोन शब्दांत पुष्कळ अंतर आहे. इंग्रजीत दोहोंना एकच शब्द असल्याने तेथे घोटाळा होतो. मराठीत सुदैवाने दोन शब्द आहेत. लग्नाच्या मांडवात मिळणारे जेवण फुकट असते; पण आचाऱ्याने भाजीत काय घातले हे विचारण्याचा, किंवा स्वतः कढईत चमचाभर मीठ टाकण्याचा अधिकार पाहुण्याला नसतो. मुक्त प्रणालीत तोही अधिकार असतो. ती कोणीही वापरावी, उघडून तपासावी, शेजाऱ्याला द्यावी, आणि अंगी ज्ञान असेल तर सुधारावी. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९८३ पासून याच विचाराचा पाठपुरावा केला. जगात ठिकठिकाणी राहणारी, एकमेकांना कधी न भेटलेली माणसे आपापल्या फावल्या वेळात ‘कॅल्क’ला हातभार लावतात. कोणी तिच्यातील दोष शोधतो, कोणी नवी सोय करतो, कोणी तिची बटणे व सूचना आपल्या मायबोलीत उतरवितो. अशाच स्वयंसेवकांच्या श्रमामुळे ती प्रणाली मराठीतूनही वापरता येते. गावकऱ्यांनी श्रमदानाने खणलेल्या विहिरीवर जसा कोणीही घागर घेऊन यावे, तसाच हा पाणवठा आहे.

पाणवठा खुला असला तरी पोहरा ओढावयास शिकावेच लागते. ते शिकताना काय होते हे एका लहानशा हकिकतीवरून स्पष्ट होईल.

एका खेड्यात बारा बायकांनी मिळून एक बचत गट काढला. असे गट आज महाराष्ट्रात गावोगाव आहेत. ‘नाबार्ड’ने १९९२ साली हे गट बँकांशी जोडण्याची योजना सुरू केली, तेव्हापासून त्यांना बरीच चालना मिळाली. या गटातील प्रत्येक सभासद महिन्याला २०० रुपये जमा करीत असे. म्हणजे दर महिन्याला २,४०० रुपये बँकेत जात. गटाची सचिव दहावीपर्यंत शिकलेली, हौशी आणि मोठी टापटिपीची होती. तिची वही पाहण्यासारखी असे. प्रत्येक नावापुढे रक्कम, तारीख, आणि सही किंवा अंगठा.

सचिवाची मुलगी सातवीत होती. शाळेच्या संगणककक्षात ती ‘कॅल्क’ शिकली होती. तिच्या मामाने शहरातून आणून दिलेला एक जुना संगणक घरात होता. एका संध्याकाळी स्वयंपाक उरकल्यावर आई मुलीच्या शेजारी येऊन बसली.

“मला दाखव बघू तुझी ती चौकटींची वही,” ती म्हणाली.

प्रारंभी आईचा हात पुष्कळ अडखळला. माऊस हलविताच पडद्यावरचा बाण भलतीकडेच धावे. एका चौकटीतील नाव दुसरीवर लिहिले जाई. पहिल्या दिवशी केवळ बारा नावे लिहून झाली. दुसऱ्या दिवशी महिन्यांचे रकाने आखले गेले. तिसऱ्या दिवशी मुलीने बेरजेचे सूत्र दाखविले.

“आई, बेरीज तू करायची नाहीस. कुठून कुठपर्यंत करायची, एवढंच सांगायचं.”

आईने सांगितले, आणि रकान्याच्या तळाशी २,४०० हा आकडा उमटला. तरीही आईने पाटीवर पेन्सिलीने तीच बेरीज करून पाहिली, आणि मगच ती हसली. हळूहळू जानेवारीपासून जूनपर्यंतचा सहा महिन्यांचा हिशेब त्या जाळीत जाऊन बसला. गटाला आता बँकेकडून कर्ज हवे होते. त्या पैशातून शेवयांचे यंत्र घ्यावयाचे होते. नियमित बचत करणाऱ्या गटालाच बँक कर्ज देते. म्हणून हिशेबाचा नीटनेटका कागद अर्जासोबत जोडावा, असे सर्वांच्या मताने ठरले. तालुक्याच्या गावी जाऊन सचिवाने तो कागद छापून आणला, आणि देवळाच्या सभामंडपात भरलेल्या बैठकीत सर्वांपुढे ठेवला.

कागद हातोहात फिरला. स्वच्छ रेघा आणि ठसठशीत आकडे पाहून सर्वांना अभिमान वाटला. इतक्यात एकीचे बोट एका ओळीवर थांबले.

“सगळ्यांचे बाराशे झालेत, अन् मावशींचे हजारच कसे?”

सभामंडपात क्षणभर शांतता पसरली. मावशी त्या गटातील सर्वांत वयस्क सभासद. त्या एकट्याच राहत. कोंबड्या पाळून, अंडी विकून गुजराण करीत.

“एखादा महिना राहिला असेल हो मावशी, विसरलं असाल,” कोणीतरी म्हणाले. “आता कागदावरच आलंय म्हटल्यावर...”

मावशींना वाचता येत नव्हते. त्यांनी कागदाकडे पाहिलेही नाही. अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवीत त्या सावकाश मोजू लागल्या.

“पोरी, संक्रांतीच्या महिन्यापासून दर महिन्याला दोन नोटा दिल्या मी. सहा महिने दिल्या. शंभराच्या बारा नोटा झाल्या. तुझा कागद हजार म्हणत असेल, तर त्याला म्हणावं पुन्हा मोज.”

मावशींचा आवाज शांत होता. परंतु त्यांच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले होते. दोनशे रुपयांचे दुःख नव्हते ते. बारा जणींत आपला शब्द खोटा ठरतो आहे, हे त्यांना सहन होत नव्हते.

सचिवासमोर आता दोन साक्षी उभे होते. एकीकडे यंत्राने छापलेला देखणा कागद, आणि दुसरीकडे एका निरक्षर वृद्धेची बोटांची पेरे. यंत्र चुकत नाही असेच सारे समजत होते. तिने मात्र घाई केली नाही. पिशवीतून तिने आपली जुनी वही काढली. जूनच्या पानावर मावशींच्या नावापुढे २०० रुपये होते, आणि त्यांचा अंगठाही होता. मग तिने बँकेचे पासबुक उघडले. जून महिन्यात बँकेत २,४०० रुपये भरल्याची नोंद होती. पैसे पोचले होते. मावशी खरे बोलत होत्या.

“मावशी, तुमचे बाराशेच आहेत,” ती सर्वांना ऐकू जाईल अशा स्वरात म्हणाली. “चूक या कागदात आहे. कुठे आहे ती शोधून पुढच्या बैठकीत तुम्हांला सांगते. तोवर हा कागद बँकेत जायचा नाही.”

त्या रात्री मायलेकी संगणकापुढे बसल्या. जूनच्या रकान्याची बेरीज २,४०० ऐवजी २,२०० आली होती. तसे पाहिले तर मावशींच्या ओळीत, जूनच्या चौकटीत, २०० लिहिलेले दिसत होते. मग ते बेरजेत का आले नाहीत? मुलगी बराच वेळ पडद्याकडे टक लावून पाहत राहिली. एकाएकी ती म्हणाली,

“आई, हे बघ. अकरा जणींचे आकडे चौकटीच्या उजव्या कडेला चिकटलेत. मावशींचाच डाव्या कडेला आहे!”

आणि तेथेच सारा उलगडा झाला. जून महिन्यात मावशींनी पैसे दोन दिवस उशिरा दिले होते. अंडी विकून पैसे हाती यावयास बाजाराचा दिवस उजाडावा लागला. सचिवाने कागदाच्या वहीतल्या सवयीप्रमाणे त्या चौकटीत लिहिले होते: ‘२०० उशिरा’. कागदावर असा शेरा लिहिल्याने काहीही बिघडत नाही. वाचणारा मनुष्य २०० ही रक्कम वेगळी काढतो आणि ‘उशिरा’ हा शेरा वेगळा काढतो. यंत्राला हा विवेक नाही. चौकटीत शब्द आला, की ती सगळी चौकटच ते शब्द समजते. आणि शब्दांची बेरीज होत नाही म्हणून निमूटपणे वगळून पुढे जाते. ते अंक उजव्या कडेला मांडते आणि शब्द डाव्या कडेला. त्याने आपल्या परीने खूण दाखविली होती. परंतु ती वाचावयास कोणी शिकले नव्हते. ‘उशिरा’ या तीन अक्षरांनी मावशींचे दोनशे रुपये गिळले होते.

मुलीने तो शब्द खोडला आणि चौकटीत नुसते २०० ठेवले. त्याबरोबर मावशींच्या ओळीत १,००० चे १,२०० झाले, जूनच्या रकान्यात २,२०० चे २,४०० झाले, आणि सहा महिन्यांची एकूण बेरीज १४,२०० वरून १४,४०० वर गेली. एक शब्द निघाला, आणि तीन ठिकाणचे हिशेब एका क्षणात सरळ झाले. मग आईच्या सांगण्यावरून मुलीने शेजारी एक नवा रकाना आखला आणि त्याला ‘शेरा’ असे नाव दिले. ‘उशिरा’ हा शब्द तेथे जाऊन बसला. शेवटी आईने आणखी एक चौकट मागितली. त्या चौकटीत बँकेच्या पासबुकातील रक्कम लिहावयाची, आणि तिच्यातून गटाच्या हिशेबातील बेरीज वजा करावयाची. उत्तर शून्य आले तर हिशेब बरोबर. शून्य आले नाही तर कागद छापावयाचा नाही.

पुढच्या बैठकीत सचिवाने नवा कागद आणला, आणि चूक कशी झाली हे कोणतीही गोष्ट न लपविता सर्वांना समजावून सांगितले. मावशींनी कागद हातात घेतला. आपल्या नावाच्या ओळीवरून त्यांनी बोट फिरविले. अखेरच्या आकड्यावर ते थांबले.

“हे बाराशे का?”

“होय मावशी, बाराशे.”

“मग जाऊ दे आता बँकेत,” असे म्हणून मावशींनी कागदाची नीट घडी घातली आणि तो सचिवाच्या हाती दिला.

या हकिकतीवरून कोणी असा निष्कर्ष काढील, की असल्या यंत्रांच्या नादी न लागता जुनी वहीच बरी. तो निष्कर्ष योग्य नव्हे. जुन्या वहीत चुका होत नव्हत्या असे थोडेच आहे? तेथेही हातचा विसरत असे, अंक उलटे पडत असत, दोन पाने एकदम उलटली जात असत. जागत्या वहीने पुष्कळ कष्ट वाचतात यात शंका नाही. बारा जणींच्या हिशेबाला पूर्वी जेथे एक संध्याकाळ लागे, तेथे आता काही मिनिटे पुरतात. वाचलेल्या वेळातील थोडासा वेळ पडताळ्यासाठी ठेवला म्हणजे झाले.

त्यासाठी फार मोठ्या विद्वत्तेची गरज नाही. एका चौकटीत एकच गोष्ट लिहावी. अंक असेल तर निव्वळ अंक, शेरा असेल तर निव्वळ शेरा. सूत्राने दिलेले पहिले उत्तर एकदा तरी हाताने करून पाहावे. नावांचा किंवा गुणांचा क्रम लावावयाचा असेल तर संपूर्ण कोष्टक बरोबर घ्यावे; एकच रकाना उचलून त्याचा क्रम लावला, तर नावे जागच्या जागी राहतात आणि एकाचे गुण दुसऱ्याच्या पुढे जाऊन बसतात. हिशेबाची एक प्रत वेगळी जपून ठेवावी. आणि सर्वांत महत्त्वाचे असे, की उत्तर किती यावे याचा अदमास आधी मनाशी बांधावा. ज्याने मनाशी अदमास बांधला आहे, त्याला चुकीचे उत्तर पाहताच खटकते. ज्याने बांधलेला नाही, तो छापलेले सारे खरे मानतो. मावशींना वाचता येत नव्हते. परंतु बारा नोटांचा अदमास त्यांच्या पेरांवर पक्का होता. म्हणूनच त्या यंत्राला ‘पुन्हा मोज’ असे सांगू शकल्या.

पाढे पाठ करावयास सांगितले म्हणजे मुले हल्ली विचारतात, “संगणक असताना हे कशाला?” त्यांच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. कोट्यवधी अंकांची बेरीज करण्याचे काम यंत्राने खुशाल करावे; तेथे माणसाने त्याच्याशी स्पर्धा करू नये. तथापि कोणते अंक कोठे मांडावयाचे, कशाला कशाने गुणावयाचे, आणि आलेले उत्तर पटण्याजोगे आहे की नाही, हे ठरविण्याचे काम माणसाचेच आहे आणि ते माणसाचेच राहील. प्रत्येक आकड्यामागे कोणीतरी असते. दुधाच्या आकड्यामागे पहाटे उठणारा गवळी असतो. गुणांच्या आकड्यामागे परीक्षेला बसलेला विद्यार्थी असतो. दोनशे रुपयांमागे कोंबड्यांची अंडी विकणारी एखादी मावशी असते.

लिहिणे, वाचणे, मोजणे या विद्या पूर्वी मोजक्या लोकांच्या हाती होत्या. खेड्यातील शेतकऱ्याने सावकाराच्या वहीवर अंगठा उठवावा आणि त्या वहीत काय लिहिले आहे ते सावकार सांगेल तेच खरे मानावे, अशी स्थिती एके काळी होती. आज तीच विद्या, तिच्या अत्यंत प्रगत अवजारासह, कोणाच्याही मेहेरबानीवाचून सातवीतल्या मुलीला शिकता येते आणि ती आपल्या आईला शिकविता येते. हा बदल साधा नव्हे. दूरदेशीच्या अपरिचित माणसांनी विनामूल्य देऊन टाकलेल्या श्रमांचा त्यात वाटा आहे. त्या देण्याची उतराई होण्याचा एकच मार्ग आहे. ते अवजार आपण नीट शिकावे, प्रामाणिकपणे वापरावे, आणि ज्याला येत नाही त्याच्या शेजारी बसून त्यालाही शिकवावे.